बार्जवरचं जाळं

“हे जाळं गेल्या महिन्यात फाटलं म्हणता?” मी विचारलं.

“होय तर,” मोतीराम तांडेल म्हणाले. जाळ्याच्या ढिगाऱ्यावरच ते बसले होते, खुर्चीवर बसावं तसे. “अर्जात लिवलेला आसा मा?”

“अर्जात आहे. मी तुम्हाला विचारते आहे.”

“मगे तोच जबाब.”

आम्ही मांगरात होतो. दोर, नांगर, जुनी इंजिनं ठेवायचं ते शाकारलेलं खोपट. आत उजेड कमी आणि वास फार. मी गुडघ्यांवर बसून जाळ्याचा एक पदर ओढला आणि दाराकडून येणाऱ्या उन्हात धरला. तंगुसाच्या बारीक धाग्यावर एक कालव वाढलं होतं, बाजारात वाट्याला लावतात तेवढं मोठं. त्याची शिंप धाग्याला नुसती चिकटलेली नव्हती. धागा एका बाजूनं शिंपेत शिरत होता आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर पडत होता. तिळाएवढं असताना ते त्या धाग्यावर बसलं होतं आणि धाग्याला पोटात घेऊन वाढलं होतं.

प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करताना माझा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प कालवांवरच होता. एवढ्या वाढीला एक महिना पुरत नाही. एक आख्खा पावसाळाही पुरत नाही.

दाराच्या चौकटीला टेकून उभा असलेला बाबल तोरसकर हसला. मच्छीमार सोसायटीचा हा सेक्रेटरी; मोतीरामांचा अर्ज त्यानंच भरला होता. “मॅडम, जाळां बघूक इलास की कालवां? कालवां होयी तर तशी सांगा, खडपार ढीग आसत.”

“दोन्ही बघते,” मी म्हटलं आणि फोटो काढला.

ही सात वर्षांपूर्वीची गोष्ट. त्याआधी काही वर्षं, मोचेवाडी ह्या गावासमोरच्या समुद्रात एक सपाट तळाचा मालवाहू बार्ज बुडाला होता. कुठल्याशा बंदराच्या कामाचे लोखंडी सांगाडे त्याच्यावर होते. कंपनीनं तो वर काढलाच नाही. मासा अशा जागी जमतो, माशामागे होड्या जातात, आणि जाळं एकदा त्या लोखंडात अडकलं की तुकड्यातुकड्यांनी वर येतं. मोर्चे निघाले, एक बंद झाला, आणि शेवटी सरकारनं भरपाईचा निधी काढला. पाण्याखालच्या लोखंडावर ज्याचं जाळं फाटेल त्यानं अर्ज करायचा, जाळं दाखवायचं. ते पाहून शिफारस करायला माझ्यासारखी माणसं कंत्राटावर घेतली होती. पहिल्याच दिवशी साहेबांनी मला खुर्चीत बसवून सांगितलं होतं, “खडकावर घासलेली जुनी जाळी आणून दाखवतात. समोरचा खोटं बोलतोय असंच धरून चाला. खरं निघालं तर त्याचं नशीब.”

आणि खोटं निघालं तर अर्जदाराचा मासेमारीचा परवाना जायचा. डिझेलची सवलतही जायची. मोचेवाडीत परवाना गेलेल्या माणसाला हातात पाटी घेऊन दुसऱ्याच्या होडीची वाट बघत बसावं लागे.

“वायच उठता का?” मी मोतीरामांना म्हटलं. “खालचं बघायचंय.”

“खाली ह्यांच आसा. वयल्यासारखांच.”

“तरी.”

“गुडघे दुखतत, बाय. बसान रवलंय ता बरा आसा.”

सत्तरीचा माणूस, पण मघाशी मी आले तेव्हा तो उंबरठ्यावरून उडी मारून आत गेला होता. ढिगाच्या कडेला बोयांची माळ दिसत होती. जाळं पाण्यात उभं राहावं म्हणून वरच्या दोराला बांधतात ते प्लॅस्टिकचे गोळे. मी एक हातात घेतला. फिरवून पाहिला. दुसरा घेतला.

धाग्यावर कालवं होती, दोरावर शेवाळ होतं, गाठीगाठीत बार्नॅकलचे, खडकांना चिकटतात त्या बारीक शिंपल्यांचे, पांढरे दाणे बसले होते. पण बोये स्वच्छ होते, नुसते धुतलेले नाही तर सुरीनं खरवडलेले. नवे, पांढरट ओरखडे सगळीकडे.

“हे बोये कुणी खरवडले?”

मोतीराम दाराबाहेर बघत होते. “घाण होती म्हणान.”

“जाळ्याची घाण ठेवली आणि बोये तेवढे साफ केले?”

“बोये परत वापरूक येतत,” बाबल मध्येच म्हणाला. पण त्याच्या आवाजातली थट्टा कमी झाली होती. तोही आता बोयांकडे बघत होता.

त्या गावात प्रत्येक होडीच्या बोयांना आपापला रंग असे. समुद्रात दहा जाळी एकमेकांशेजारी असली तरी आपलं कुठलं ते लांबूनच कळायला हवं. मांगराबाहेर मोतीरामांची दुसरी जाळी वाळत होती, धड, एकही भोक नसलेली. त्यांच्या बोयांवर पिवळे पट्टे होते. माझ्या हातातल्या गोळ्यावर कुठलाच रंग उरला नव्हता. आपलं नसलेलं जाळं माणूस आपलं म्हणून दाखवतो तेव्हा पहिल्यांदा काय पुसेल?

“ठीक आहे,” मी उठले. “हे जाळं सील करून ऑफिसला न्यावं लागेल.”

तेव्हा मात्र मोतीराम उठले. गुडघ्यांची आठवण त्यांना राहिली नाही. “न्हेवचा नाय.”

“नियम आहे, काका.”

“मगे पैशे नको. दावो फाडून टाका.”

“आरे मोतीराम!” बाबल म्हणाला. “येडो झालंस काय? मॅडम आपला काम करतत. न्हेवंदेत. फाटक्या जाळ्याची काय आरती करतलंस?”

“तुका कोणी सांगललो अर्ज भरूक?” मोतीराम त्याच्यावर उसळले. “मी म्हटललंय? बंदरार उतारलंय तर तूच नाचाक लागलंस, बार्जीर फाटला, बार्जीर फाटला!”

“मगे खंय फाटला ता तरी सांग!”

म्हातारा परत जाळ्यावर जाऊन बसला. भरपाईच्या पैशासाठी खोटं बोलणारे मी पाहिले होते; ते भांडतात, रडतात, पुढाऱ्याला फोन लावतात. पैसे नकोत पण जाळं सोडणार नाही, असा पहिलाच भेटला होता.

निघताना मी एक बोया पिशवीत टाकला. तेवढ्याला त्यांनी हरकत घेतली नाही.

बंदराकडे परतताना मी तो उन्हात धरला. दोर ओवायच्या भोकात सुरी पोचलेली नव्हती. आत, चुन्यासारख्या थराखाली, रंगाची एक कड होती. मी नखानं थर उडवला.

“निळा कुणाचा, बाबलभाऊ?”

“निळो?” तो चालता चालता थांबला. गोळा हातात घेऊन त्यानं भोकाला डोळा लावला. मग हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर अर्धवट हसू आलं, जे मला अजिबात आवडलं नाही. “निळो दिगूचो. दिगंबर. ह्येचोच झील.”

“काकांचा मुलगा? तो कुठे असतो?”

“थंयच तर गंमत आसा.”

तिथेच, बर्फाच्या गाड्यांच्या कडेला उभा राहून त्यानं मला सगळं सांगितलं. दिगंबर दीडेक वर्षापूर्वी लहान होडी घेऊन एकटाच गेला आणि आला नाही. खलाशी त्या दिवशी लग्नाला गेला होता. चार दिवस सगळ्या गावाच्या होड्यांनी दर्या पिंजला. फळी नाही, बोया नाही, डिझेलचा तवंग नाही. बुडाला म्हणायला कुणी तोंड उघडत नव्हतं. मग मोतीरामांनीच एक दिवस सोसायटीत येऊन सांगितलं, आमच्या ओळखीच्या माणसानं दिगूला कारवारच्या बंदरात पाहिलं.

“थंय दुसरो संसार मांडल्यान म्हणतत,” बाबल म्हणाला. “होडीसकट. बायल हय, तांडेलाच्या घरात. न्हवऱ्यान टाकलेली. हळदीकुंकवाक तिका बोलवूचा की नाय, आमच्या बायलांका दर खेपेक वांधो.”

“आणि हे त्याचं जाळं.”

“म्हणजे म्हाताऱ्याक पत्तो आसा!” बाबलनं मांडीवर थाप मारली. “येणाजाणा आसा! जुना जाळां झिलाकडसून हाडल्यान, बोये खरवडल्यान... आणि मी मेलो अर्ज भरूक बसललंय!”

माझाही हिशेब जुळत होता. कालवं कारवारच्या खाडीतही वाढतात. एखाद्या धक्क्याखाली वर्षभर पडलेलं जाळं, रात्रीच्या टेम्पोनं आणलेलं, इथे होडीत घालून सकाळी सगळ्यांसमोर उतरवलेलं. फक्त एक दुवा लागत नव्हता. पैशासाठी एवढं सगळं करून, तो माणूस पैसे नको का म्हणाला? मी स्वतःला उत्तर दिलं: घाबरला. मला ते उत्तर पुरेसं वाटलं.

संध्याकाळी साहेबांना फोन केला. “बघा, मी काय म्हणालो होतो?” ते खुशीत आले. “उद्या पंचनामा करा, जाळं जप्त करा. घरातलं एक माणूस साक्षीला घ्या, म्हणजे नंतर कोणी फिरत नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकरच मी तांडेलांच्या घरी गेले. सुगंधा, मोतीरामांची सून, मागच्या पडवीत बसून बांगडे चिरत होती. माझ्याच वयाची, किंवा दोनतीन वर्षांनी मोठी. गळ्यात मंगळसूत्र, कपाळावर ठसठशीत कुंकू. मी कोण ते सांगितल्यावर तिनं हात धुतले, चहाचं आधण ठेवलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “दावो नाय होवचो मा?”

“अजून काही ठरलं नाही. काका कुठे आहेत?”

“मांगरात. जाळां हाडल्यापासून थंयच निजतत. चोर येतले म्हणतत.” ती खुदकन हसली. “फाटक्या जाळ्याक कोण चोर येतलो, सांगा.”

“तुम्ही बघितलंत का ते?”

“माका देतत कोण बघूक! घाण येता म्हणतत. मी जल्मभर मासळी विकतंय आणि माका घाण!”

चहा उकळत होता. मला फार वळणं घेता येत नाहीत. मी सरळ विचारलं, “तुमचे यजमान कुठे असतात?”

तिनं चिमट्यानं भांडं उतरवलं. कपात ओतलं. साखर ढवळायला जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट वेळ ढवळली.

“तुमका बाबलान सांगला नाय?”

“त्यानं सांगितलं. मला तुमच्याकडून ऐकायचंय.”

“कारवारात.”

“तुम्हाला कसं कळलं? त्यांचा फोन आला?”

“फोन कसलो. आबांनी सांगला.” सासऱ्यांना ती आबा म्हणे. “तेंका कोणी सांगला, ता मी इचारलंय नाय. इचारून काय? आई माका माहेराक बोलवता. आबांचा कोण करतला? आणि गेलंय, तर लोक काय म्हणतले? बघा, हीच पळाली. म्हणान रवलंय.” मग तिनं कप माझ्यापुढे सरकवला. “तुमका काय वाटता मॅडम, शिकललां मनीस म्हणान इचारतंय. खराच गेलो असात तो?”

मला जे वाटत होतं ते मी तिला पडवीत बसून सांगू शकले नाही. “माझ्याबरोबर मांगरात चला,” मी म्हटलं. “साक्षीला घरातलं माणूस लागतं.”

मोतीराम मांगराच्या दारातच उभे होते. पहिल्यांदा त्यांनी मला पाहिलं आणि मग माझ्या मागे तिला.

“ती नको,” ते म्हणाले.

“काका, मला जाळं बाहेर काढून बघायचंय. अडवलंत तर पोलीस बोलवावे लागतील.”

“बोलव पोलीस. शंभर बोलव. ती नको. सुगंधा, घरा जा.”

“आबा, मी काय खातंय काय तेका?”

“घरा जा म्हटलंय मा!”

एवढ्या मोठ्यानं ओरडणारा माणूस काहीतरी फार मोठं लपवत असतो. माझी खात्री तेव्हा पक्की होती: ती नवऱ्याचं जाळं ओळखेल आणि विचारेल, तो कुठे आहे ते तुम्हाला माहीत आहे ना? मला ते व्हायला हवं होतं. मी बाजूनं आत शिरले आणि ढिगाचं वरचं टोक धरून ओढू लागले. कालवांनी आणि चिखलानं जड झालेलं जाळं माझ्यानं हातभरही हललं नाही. सुगंधानं क्षणभर सासऱ्यांकडे पाहिलं, मग पदर खोचला आणि आत आली.

तिच्या हातांना ते काम ठाऊक होतं. ती वरचा दोर धरून, पाठीला झोक देत, वाव-वाव, दोन्ही हात पसरून मावेल तेवढं, जाळं दाराबाहेर उन्हात काढत गेली. मोतीरामांनी तिला अडवलं नाही. त्यांचे हात वर उठले होते, ते तसेच खाली आले. एकेक बोया उंबरठ्यावर ठक ठक आपटत बाहेर येत होता, सगळे खरवडलेले, बिनरंगाचे.

“ह्यां तुमचां न्हय,” ती म्हणाली. “तुमचे बोये पिवळे. आबा, कोणाचां हाडलास ह्या?”

आणि ढिगाच्या तळाशी, जिथे काल मोतीराम बसले होते, तिथलं टोक बाहेर आलं. शेवटचा बोया. तो एकटाच खरवडलेला नव्हता. त्याच्यावर बार्नॅकलचा थर होता, आणि तो दोराला दोरीनं बांधलेला नव्हता. चिखलानं माखलेली कापडाची एक पट्टी होती, तिपदरी पिळून घट्ट गाठ मारलेली.

सुगंधाचे हात थांबले.

ती खाली बसली. तिनं थुंकी लावून अंगठ्यानं पट्टी चोळली. चिखल गेला तसा मोरपिशी रंग दिसायला लागला, आणि त्याच्यात जरीची एक तार.

“तुम्हाला माहीत आहे हे?” मी विचारलं.

ती माझ्याशी बोलली, पण बघत होती सासऱ्यांकडे. “आमच्याकडे नव्या जाळ्याक पयलो बोयो घरातली बायल बांधता. लग्नातल्या लुगड्याची कड फाडून. ही माझी.” तिनं गाठीवर बोट ठेवलं. “अशी उलटी गाठ मीच मारतंय. तो हसायचो. म्हणायचो, सुगंधा, तुझी गाठ शार्क पण सोडूचो नाय.”

“काका,” मी म्हटलं, “तुम्ही सगळे बोये खरवडलेत. हाच का सोडलात?”

उत्तर सुगंधानंच दिलं.

“ती गाठ सोडूची नसता, मॅडम. कापूची नाय, तिका सुरी लावची नाय. जाळां कुजला तर बोयो गाठीसकट काढून नव्या जाळ्याक लावतत. घरधनी आसा तवसर.” ती अडखळली. “घरधनी गेलो, तर बायल आपल्या हातान सोडता.”

“मी सोडूक नाय,” मोतीराम एकदम म्हणाले. त्यांचा आवाज कालचा नव्हता. “बघ तू. हात लावूक नाय मी. तशीच आसा मा गाठ? तशीच आसा!”

माझ्या डोक्यात रात्रभर जुळलेलं सगळं आता एकेक करून निसटत होतं. कारवारहून आणलेल्या जाळ्याचे बोये खरवडायचे तर बाबलपासून, गावापासून लपवायला. पण हा माणूस गावाला घाबरत नव्हता. तो मांगरात झोपत होता तो एका माणसाला घाबरून, आणि ते माणूस त्याच्याच घरात बांगडे चिरत होतं.

“कुठे मिळालं हे जाळं?” मी विचारलं.

“बार्जीर,” ते म्हणाले. “नांगर अडाकलो. वढलंय तर नांगराबरोबर ह्यां वर इलां. निळो बोयो बघितलंय आणि...” त्यांनी हात झटकला. “परत टाकूचा होता. सोडूक हात होईना. हाडलंय. बंदरार हो बाबल उभो. मी म्हटलंय, माझां. माझां म्हटल्यार दावो करूक नको? नाय केलंय तर इचारतले, कित्याक करूक नाय? तो सगळ्यांचे दावे भरता.”

म्हणजे अर्जात एकच गोष्ट खरी होती. जाळं बार्जवरच फाटलं होतं. फक्त गेल्या महिन्यात नाही, आणि त्यांचं नाही.

सुगंधा अजून बसलेलीच होती. ती रडत नव्हती. तिनं जाळ्याचा वरचा दोर हातात घेतला आणि त्याच्या टोकाकडे सरकवत नेला. टोक तिनं मला दाखवलं. आत्तापर्यंत ते पायाखालच्या गुंत्यात होतं. जाड दोर शेवाळानं हिरवाकाळा झालेला. पण कापलेल्या जागी आतले धागे पांढरेशुभ्र. एका घावात कापलेला, आणि ताजा.

“ह्यो सुरीन कापललो मा, मॅडम?”

“हो. अलीकडेच. पाण्यात राहिला असता तर टोकही हिरवं झालं असतं.”

“आबा,” ती म्हणाली, “दोर तुमी कापलात. दुसऱ्या टोकाक काय होतां?”

“लोखंड. बार्जीचा लोखंड.”

“आबा.”

“सांगतंय मा, लोखंड!”

“लोखंडाक अडाकललो दोर कापलो तर तो तुमका माझ्यापासून लपवूक कित्याक होया?”

मोतीराम खाली बसले. ते जमिनीकडे बघत बोलू लागले.

“लोखंडाक अडाकलो तर दोर ताठ रवता. दगडासारखो. ह्यो तसो नव्हतो. वढलंय की थोडो वर येय, मगे परत खाली जाय. परत वर. जड होता. पण येय होता.” ते थांबले. “दोन खलाशी आसते तर वर इली आसती.”

“काय?” मी विचारलं. मला कळलं होतं; तरी विचारलं.

“होडी,” सुगंधा म्हणाली.

खालच्या घरातला कुत्रा येऊन जाळं हुंगायला लागला, त्याला मी मानेला धरून बाजूला केलं. एरवी मी कुत्र्याला हात लावत नाही.

मग ती उठून उभी राहिली आणि तिचा आवाज चढला.

“सोबत खलाशी नसताना जाळां अडाकला, भरती इली, अडाकलल्या दोरान होडीची नाळ खाली वढली. काम करताना गेलो तो. आणि तुमी सांगलात पळान गेलो! तुमच्या तोंडान! सोसायटीत उभे रवान! माका वाडीतली पोरां टाकलेली म्हणतत, आबा. बायलो माझ्या हातातला कुंकू घेवक मागेपुढे बघतत. तेका लोक शिव्या घालतत, मेललल्या माणसाक! कारवारची बायल म्हणे! कोण ती बायल? तुमी बघललास?”

“नाय.”

“कोणी बघललां तेका कारवारात?”

“कोणी नाय.”

“मगे कित्याक?”

त्यांनी मान वर केली. मी तोपर्यंत त्यांना एक लबाड, आडमुठा म्हातारा म्हणूनच बघत होते. आताही चेहरा तोच होता, काही बदललं नव्हतं.

“पळान गेललो मनीस परत येता, सुगंधा,” ते म्हणाले.

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मला वाटलं ती मारेल त्यांना. मग मला वाटलं ती त्यांच्याजवळ बसेल. तिनं दोन्ही केलं नाही. जाळ्यापाशी वाकली आणि मोरपिशी गाठीत नख घातलं. चिखल आणि कालवाच्या चुऱ्यानं ती दगड झाली होती. मी खिशातला छोटा चिमटा पुढे केला. तिनं मान हलवली. नखं तुटेपर्यंत ती खपत होती, आणि आम्ही दोघं बघत होतो. मोतीरामांनी मध्येच एकदा “रवंदे गो” म्हटलं, इतकं हळू की ते तिला म्हटलं की आणखी कुणाला, कळलं नाही.

गाठ सुटली. पट्टी तिनं झटकली, घडी केली आणि कमरेला खोचली.

“आता जावा,” ती म्हणाली.

“खंय?”

“बंदरार. सगळे आता थंयच असतले, लिलाव चालू आसा. जावा आणि सांगा.”

“मॅडम लिवतीत मा कागदार,” ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे आशेनं पाहिलं. “लिवा तुमी. दावो खोटो, जाळां दिगूचां, सगळा लिवा. परवानो घेवा.”

“मी लिहीन,” मी म्हटलं. “काय सापडलं ते सगळं. होडीसाठी पाणबुडे पाठवा असंही लिहीन.” पुढे मी ते लिहिलं, आणि परवान्याच्या रकान्यात काय लिहावं यावर साहेबांशी माझं जन्माचं वाजलं, पण ती वेगळी गोष्ट.

“कागद बायलो वाचनत नाय,” सुगंधा म्हणाली. “तुमी तोंडान सांगललास. तोंडानच सांगा.”

मोतीराम उठले. धोतराला चिकटलेलं शेवाळ झटकलं, डोक्यावर टोपी घातली, ती परत काढून हातात घेतली. उतारावरून खाली जाताना ते दोनदा थांबले. दुसऱ्यांदा थांबले तेव्हा मला वाटलं, आता परत फिरतील. सुगंधा दारात उभी होती. ते गेले.

मांगराच्या उंचावरून बंदर नीट दिसायचं. लिलावाचा घोळका, टोपल्या, बर्फाच्या गाड्या. घोळक्यात एक उघडं, पांढरं डोकं शिरलं. थोड्या वेळानं टोपल्यांभोवतीची माणसं वळायला लागली. एक बाई वाकलेली होती ती सरळ झाली. बाबलचा लाल शर्ट पुढे आला आणि जागीच थांबला. मोतीराम एका उपड्या टोपलीवर चढले होते. त्यांचे हात हलत होते, मान मागे गेली होती. एवढ्या लांबूनही कळत होतं की ते ओरडून बोलत आहेत.

सकाळचा वारा अजून जमिनीकडून समुद्राकडे वाहत होता. त्यांचा एकही शब्द वर आमच्यापर्यंत येत नव्हता.

“तुमका ऐकाक येता?” सुगंधानं मला विचारलं.

“नाही,” मी म्हटलं.

ती दाराच्या चौकटीला धरून, थोडी पुढे झुकून उभी होती.

“माका येता,” ती म्हणाली.